मलम कुठलं लावू? त्याआधी कुत्रीच्या कानाची कड बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नीट समजले की नाही ते तुम्हाला कळेल. तीन वर्षांची फिकट पिवळी लॅब्रडॉर, मादी. गेले आठ महिने अंग खाजवतेय. पोटावर आणि काखेत लालसर पुरळ, पुढचे पंजे सारखे चाटणं, मधूनमधून कान झटकणं. तीनदा दवाखान्यात नेलीत, तिन्ही वेळा इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या, दोन-तीन आठवडे छान आराम आणि मग पुन्हा जैसे थे. दरम्यान खाणं तीनदा बदललंत, मानेवर गोचिडांचं औषध टाकलंत, आता औषधी शाम्पूने रोज अंघोळ चालू आहे. विचारलंय एवढंच, की मलम कुठलं लावू. आणि जाता जाता शेवटी लिहिलंय, ‘मुलीच्या पोटावर आणि हातावर चार-दोन लाल ठिपके आलेत, पण ते घामामुळे असतील.’

मी थांबले ती त्या शेवटच्या वाक्यावर. त्याकडे परत येतेच.

मलमाचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण तुमची अडचण मलमाची दिसत नाही. आठ महिन्यांत तीनदा आराम पडला आणि तीनदा त्रास परतला, याचा अर्थ औषध खाजेवर पडतंय आणि खाजेमागचं कारण जागच्या जागी बसलंय. ते कारण कोणतं हे मी कुत्री न पाहता सांगू शकत नाही, आणि फोटोवरून ठामपणे सांगणाऱ्या कुणावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण ते शोधायचं कोणत्या क्रमाने आणि तोच क्रम का, हे नक्की सांगता येतं. पशुवैद्य म्हणून वीस-बावीस वर्षं हेच काम करतेय, आणि त्यात चुकाही पुरेशा करून झाल्यात.

कातडीला बोलायला शब्द मोजकेच असतात. लाल होणं, सुजणं, केस गळणं, खपली धरणं, काळं पडणं. पिसू चावली तरी तीच लाली, बुरशी वाढली तरी तीच, खाण्याचं वावडं असलं तरी तीच. म्हणून पुरळाकडे नुसतं बघून निदान करायला गेलं की हमखास फसगत होते. त्यात कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसापेक्षा बराच पातळ, पेशींचे जेमतेम तीन ते पाच थर. आपल्याकडे दहा-पंधरा असतात. तिची आम्लताही आपल्यापेक्षा कमी. म्हणून माणसाचा साबण किंवा शाम्पू तिला मानवत नाही, आणि आपल्याला किरकोळ वाटणारं ओरबाडणं तिथं एका रात्रीत जखम होऊन बसतं.

दुसरी गोष्ट अशी, की खाजेला बहुतेक वेळा एकच कारण नसतं. भांडं थेंबाथेंबाने भरावं तसं ते होतं. थोडं परागकणांचं, थोडं धुळीतल्या किड्यांचं, त्यात चार पिसवा, वर बुरशी. काठापर्यंत कुत्रं गप्प असतं. वरून एक थेंब पडला की रात्रभर खरखर सुरू. यात एक सोय आहे. सगळं भांडं रिकामं करायची गरज नसते, दोन-तीन धारा बंद केल्या तरी पुष्कळदा पातळी काठाखाली येते. म्हणून ज्या धारा हमखास बंद करता येतात त्या मी आधी बंद करते. म्हणजे आधी किडे, मग जंतू आणि बुरशी, मग खाणं, आणि हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण नेमकी शेवटून सुरुवात करतात.

आता किडे. ‘औषध टाकलंय, त्यामुळे पिसवा नाहीतच’ असं तुम्ही लिहिलंय. पण मानेवर टाकायची बरीचशी औषधं कातडीच्या तेलकट थरात पसरतात आणि तिथूनच काम करतात. बऱ्याच उत्पादनांवर आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको असं छापलेलंही असतं. तुमच्याकडे रोज शाम्पू होतोय. औषध टाकायचं आणि सकाळी धुऊन काढायचं, असं चाललंय. तेव्हा हा मुद्दा माझ्या हिशेबी अजून तपासलेलाच नाही.

पिसवा डोळ्यांना दिसल्या नाहीत याला फार अर्थ नसतो. कुत्र्याच्या अंगावरच्या प्रौढ पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा जेमतेम वीसावा हिस्सा. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या भेगांत असतात, आणि कोष महिनोन्‌महिने तसेच पडून राहू शकतात. शिवाय ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते ते चाटून-चावून अंग इतकं साफ ठेवतं, की पुरावाच सापडत नाही. घरी एक करून बघा. बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळापाशी, कंबरेवरून फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका आणि बोटाने हलकेच दाबा. साधी माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे तुमच्याच कुत्रीचं पचलेलं रक्त. तुमच्या वर्णनात कंबर आणि शेपटीचं मूळ कुठंच नाही, त्यामुळे पिसवा हे मुख्य कारण नसावं असं मला वाटतं. पण भांड्यातले काही थेंब त्यांचे असू शकतात.

माझा खरा संशय दुसऱ्या किड्यावर आहे. लोक ज्याला सरसकट लूत म्हणतात त्यात दोन अगदी वेगळे किडे येतात. एक खरजेचा, सार्कॉप्टिस. तो कातडीत बीळ करतो, भयंकर खाज आणतो, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि माणसालाही काही काळ त्रास देतो. दुसरा डेमोडेक्स. तो केसांच्या मुळाशी राहतो, जवळपास प्रत्येक कुत्र्यावर थोडाफार असतोच, माणसाला लागत नाही, आणि प्रतिकारशक्ती ढळली की माजतो. पिल्लांत एखाद-दुसरा चट्टा असला तर तो बहुधा आपोआप जातो. मोठ्या कुत्र्यात उगवला तर मागे काहीतरी कारण असतं, आणि त्या कारणांतलं एक म्हणजे स्टेरॉइड. तुमच्या कुत्रीला तीनदा इंजेक्शन झालंय. ते बहुधा स्टेरॉइडच असावं, कारण इतका झटपट आणि इतका मोजका आराम त्याचाच असतो. तेव्हा डेमोडेक्ससाठी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं आता टाळता येणार नाही. डेमोडेक्स सहसा सापडतो. खरजेचा किडा मात्र पक्का लबाड आहे. तो असूनही खरवडीत पुष्कळदा सापडत नाही.

हे मी चांगलीच ठेच खाऊन शिकले. एका जोडप्याचा स्पॅनियल दीड वर्ष ॲलर्जी म्हणून गोळ्यांवर होता. चार वेळा खरवडून पाहिलं, चारही वेळा काही नाही; त्यातल्या दोन वेळा मीच पाहिलं होतं. एकदा बाई कुत्र्याला मांडीवर घेऊन समोर बसल्या होत्या आणि बोलता बोलता कोपराच्या आतली बाजू खाजवत होत्या. तिथं बारीक लाल पुळ्यांची रांग होती, नेमकी कुत्र्याचं पोट टेकत होतं तिथं. मी कुत्र्याचा कान हातात घेतला. पाळीची कड खरखरीत, राखाडी खपलीने भरलेली. ती दोन बोटांत धरून तिच्यावरच घासली, तसा त्याचा मागचा पाय हवेतल्या हवेत खाजवायला लागला. खरजेच्या बहुतेक कुत्र्यांत हे होतं. ही खूण शंभर टक्के पक्की म्हणता येणार नाही, पण औषधाची चाचणी सुरू करायला पुरेशी. दीड वर्षाचं दुखणं दीड महिन्यात संपलं. ती कड मी आधी का पाहिली नाही, याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हा आज संध्याकाळी कुत्री निवांत असताना तिच्या कानाच्या पाळीची कड बघा, कोपरांची आणि मागच्या पायांच्या घोट्यांची बाहेरची बाजू बघा, आणि ती घासायची चाचणी करा. पाच-सहा सेकंद पुरतात. कड अगदी मऊ, नितळ असेल तर खरजेचा संशय उतरतो आणि ॲलर्जीचा चढतो. ॲलर्जीत कानाची आतली बाजू लाल होते, कड बहुधा सुटते.

संशय असला की पुराव्याची वाट न बघता उपचार करून बघणं, हा या एका बाबतीत शहाणपणा आहे. हल्ली अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर, सारोलानेर, लोटिलानेर या गटाच्या गोळ्या मिळतात. पिसवा, गोचिडी, खरूज आणि डेमोडेक्स या सगळ्यांवर त्या उपयोगी पडतात, आणि पोटातून जात असल्यामुळे अंघोळीने धुतल्या जात नाहीत. यात एक अट आहे. कुत्रीला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्ये तसा इशारा दिलेला आहे; बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण फिट येणाऱ्या कुत्र्यासाठी मी दुसरा मार्ग शोधते. घरातल्या सगळ्या प्राण्यांना औषध एकाच वेळी द्यायचं, निदान तीन महिने, आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला चुकूनही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असू शकतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. आणि कॉली किंवा शेल्टीसारखी जात असेल तर कुणाच्या तरी सांगण्यावरून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊ नका. या जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-१ या जनुकात दोष असतो आणि खरजेसाठी लागणारा त्याचा डोस थेट मेंदूवर जातो. तुमची लॅब्रडॉर आहे, पण हे वाचणारं दुसरं कुणी असेल त्याच्यासाठी लिहिलं.

दुसरी पायरी जंतू आणि बुरशीची. तुमच्या वर्णनात मला हे जवळजवळ दिसतंच आहे. काखेतलं पुरळ, पंजे चाटणं, कान झटकणं. पंजाची बोटं फाकवून आत बघा. फिकट कुत्रीचे केस तिथं तांबूस-गंजके झाले असतील तर ते लाळेमुळे, म्हणजे बरेच दिवस चाटणं चाललंय. मग नाक जवळ न्या. कुबट, आंबूस, थोडासा बुरसटलेल्या कपड्यांसारखा वास आला तर मालासेझिया ही बुरशी वाढलेली असण्याची शक्यता मोठी. दवाखान्यात याची तपासणी पाच मिनिटांची असते. पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबायची, रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायची. मालासेझिया ओळखायला सोपी. जांभळ्या रंगाच्या बुटक्या भुईमुगाच्या शेंगा विखुरल्यासारखी दिसते. जिवाणू असतील तर ठिपक्यांचे झुबके दिसतात. तीन भेटींत ही पट्टी एकदाही लावली गेली नसेल, तर चौथ्या भेटीत स्वतः आठवण करा. डॉक्टरांना राग येणार नाही, आणि आलाच तर तीही माहितीच.

जिवाणूंच्या पुरळाचं एक सोंग माहीत असू द्या. पुळी फुटून गेली की मागे गोल चट्टा राहतो, कडेने साल सुटलेला, मध्ये काळपट. बघणारा लगेच गजकर्ण म्हणतो आणि बुरशीचं मलम चोळत बसतो. कुत्र्यात असे गोल चट्टे बहुतेक वेळा जिवाणूंचेच असतात. गजकर्ण होतं, माणसाला लागतंही, पण त्यासाठी केसांची तपासणी करायला हवी. आकारावरून ठरवायचं नाही.

आता तुमची रोजची अंघोळ. इतकी गरज नाही, आणि बहुधा ती करायला हवी तशी होतही नाहीये. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा, बुरशी असेल तर सोबत बुरशीवरचं मायकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा पुरतो, पण तो अंगावर दहा मिनिटं राहायला हवा. घड्याळ लावून दहा मिनिटं. अंदाजाने दहा मिनिटं म्हणजे दोन मिनिटं, हे मी माझ्याच घरात मोजलेलं आहे. फेस काखेत, जांघेत, बोटांच्या मधे नीट पोचवायचा. आधी तिथं लावायचा आणि पाठ शेवटी, म्हणजे खाजऱ्या भागाला जास्त वेळ मिळतो. पाणी कोमटाहूनही थंड, कारण गरम पाण्याने खाज भडकते. मग भरपूर पाणी घालून शाम्पू पूर्ण काढायचा, टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही, आणि बोटांच्या खाचा कोरड्या करायच्या. वरवरचं इन्फेक्शन असेल तर हल्ली आधी एवढंच करून बघतात. तोंडावाटे अँटिबायोटिक लागलंच तर कोर्स अर्धवट सोडू नका, आणि दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा लागत असेल तर जंतूंची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहणं, मागा. कुत्र्याच्या कातडीतला नेहमीचा जिवाणू, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस, औषधांना दाद न देणारा होत चाललाय. कानात मात्र स्वतःच्या मनाने काही घालू नका. पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय थेंब घातले तर बहिरेपणापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

अर्थात जंतू आणि बुरशी हे बहुतेक वेळा पाहुणे असतात. दार दुसऱ्याच कुणी उघडून दिलेलं असतं. ते आटोक्यात आले आणि किड्यांचा बंदोबस्त झाला, की किती खाज उरते ते बघायचं. काही कुत्र्यांत काहीच उरत नाही. उरली, तर पुढे खाणं.

खाणं तीनदा बदलून उपयोग झाला नाही म्हणजे खाण्याचा संबंध नाही, असं तुम्ही ठरवलंय. तसं ठरत नाही. पाकिटावरचं नाव बदललं तरी आत बहुधा तेच दोन-चार पदार्थ असतात. कुत्र्याला वावडं असतं ते बहुतेक प्रथिनांचं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांसाचा, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थांचा, १५ टक्क्यांना कोंबडीचा आणि १३ टक्क्यांना गव्हाचा त्रास आढळला होता. तेव्हा कोंबडीवाल्या एका पाकिटावरून कोंबडीवाल्या दुसऱ्या पाकिटावर गेलं, की फक्त पाकीट बदलतं.

खरी चाचणी अशी असते. कुत्रीने आयुष्यात कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास हायड्रोलाइज्ड खाणं, सलग आठ आठवडे. दुसरं काही म्हणजे काहीही नाही. आठ आठवडे अशासाठी, की खाण्याची ॲलर्जी असलेल्या दहांतल्या नऊ कुत्र्यांत तोवर फरक दिसलेला असतो. तीन आठवड्यांत सोडलं तर निम्मी कुत्री निसटतात. आणि बरं वाटलं तर चाचणी संपत नाही. जुनं खाणं पुन्हा सुरू करायचं. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत खाज परत आली तरच निदान पक्कं. हा भाग कुणालाच आवडत नाही. बरं झालेलं कुत्रं मुद्दाम खाजवायला कोण लावेल? पण त्यावाचून ती सुधारणा खाण्यामुळे झाली, शाम्पूमुळे की ऋतू बदलल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

ही चाचणी फसते ती घरच्यांमुळे. एका घरात सहा आठवडे काटेकोर पाळलं, फरक शून्य. मी सगळ्यांना समोर बसवून विचारलं. कुणी काही देत नव्हतं, अगदी शपथेवर. शेवटी सगळ्यात धाकटा म्हणाला, ‘औषधाची गोळी तर ती आवडीने खाते.’ महिन्याची चघळायची गोळी होती, मांसाची चव लावलेली. तेव्हापासून मी गोळ्यांची, टूथपेस्टची आणि चघळायच्या हाडांची यादीसुद्धा मागते. तुमच्याकडे लहान मुलगी आहे. तिच्या ताटाखाली कुत्री बसत असेल तर आठ आठवडे जेवणाच्या वेळी दार लावून घ्या.

रक्त, लाळ किंवा केस पाठवून ‘शंभर पदार्थांची ॲलर्जी’ सांगणाऱ्या तपासण्यांच्या वाटेला जाऊ नका. २०१९ मध्ये काही संशोधकांनी अशा एका तपासणीला खेळण्याचे कृत्रिम केस आणि साधं पाणी पाठवून पाहिलं. ॲलर्जी त्यांच्यातही निघाल्या.

एवढं सगळं करून खाज उरली, तर मग ॲटॉपी, म्हणजे धूळ, परागकण, बुरशीचे कण यांची ॲलर्जी. तिची रक्ततपासणी निदानासाठी नसते. बाकी सगळं वगळून निदान होतं, आणि कशाच्या लसी बनवायच्या हे ठरवायला मग तपासणीचा उपयोग. तुमच्या कुत्रीचं वय याच्याशी जुळतं, बहुतेकांना हा त्रास सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. पंजे, काख, पोट, कान या जागाही जुळतात. म्हणून शेवटी हेच निघालं तर मला नवल वाटणार नाही. पण ॲटॉपी असलेल्या कुत्रीला खरूज होत नाही असा काही नियम नाही.

ॲटॉपी बरी होत नाही, सांभाळली जाते. ओक्लॅसिटिनिबची गोळी एका दिवसात खाज उतरवते, पण वर्षाखालच्या पिल्लाला चालत नाही. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन महिनाभर पुरतं. सायक्लोस्पोरिन कामाला लागायला महिना-दीड महिना घेतं. ॲलर्जीच्या लसींना वर्षभराची चिकाटी लागते, पण मुळावर काम करणारा उपाय तोच. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा कुत्र्यांत फारसा उपयोग होत नाही. झोप येते, आणि ती झोपली म्हणून आपल्याला वाटतं खाज थांबली.

स्टेरॉइडबद्दल दोन शब्द, कारण त्याचं नाव निघालं की लोक एकतर घाबरतात किंवा तेच मागतात. मीही वापरते. कुत्री रात्रभर झोपत नसेल, अंग रक्तबंबाळ करत असेल, तर पाच-सात दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ही दयाच आहे. खाण्याच्या चाचणीच्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतही मी कधी कधी देते, म्हणजे सगळ्यांना तग धरता येतो. पुढे बंद करून मगच फरक मोजायचा. माझा आक्षेप दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनला आहे. गोळी उद्या थांबवता येते किंवा कमी करत आणता येते. टोचलेलं परत काढता येत नाही. तहान, लघवी, भूक वाढते, जंतू फोफावतात, आणि मुख्य म्हणजे पुढचे काही आठवडे कुठल्याही तपासणीचा नीट अर्थ लागत नाही. आधीच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. खाजवून बेजार कुत्रं आणि घाईतला मालक समोर असताना पहिल्या भेटीत मीही कदाचित तेच केलं असतं. तिसऱ्या भेटीत मात्र थांबून विचार करायला हवा होता. गोळ्या अजून चालू असतील तर अचानक बंद करू नका, विचारून कमी करा.

म्हणजे क्रम असा झाला: घरातल्या सगळ्या प्राण्यांना किड्यांचं औषध, चिकटपट्टीची आणि खरवडीची तपासणी, जे सापडेल त्यावर तीन-चार आठवडे उपचार, मग उरलेल्या खाजेसाठी आठ आठवडे खाणं, आणि तरीही उरली तर ॲटॉपी. हे सगळं चार महिन्यांचं काम आहे. तुमचे आठ महिने गेलेच आहेत. या काळात रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्या आणि कॅलेंडरवर लिहा. ‘जरा बरी वाटतेय’ यावरून मला काही ठरवता येत नाही. आठवरून चारवर आली, यावरून येतं.

राहिलं मलम. केसाळ अंगावर ते कातडीपर्यंत पोचत नाही, पोचलं तर कुत्री चाटून पोटात घेते, आणि चव लागल्यामुळे त्या जागेकडे तिचं लक्ष उलट जास्तच जातं. माणसांच्या मलमांत तर काही जीवघेणी असतात. सोरायसिससाठीचं कॅल्सिपोट्रायॉल, काही कातडीच्या गाठींवरचं फ्लुरोयुरासिल, सांधेदुखीची डायक्लोफेनॅकची जेल. ट्यूब चावून थोडं पोटात गेलं तरी आणीबाणी. झिंक ऑक्साइड असलेली, कॅलामाइनसारखी लोशनं चाटण्याच्या जागी नकोत. टी ट्री ऑइल नको, केरोसीन तर नकोच नको, आणि सोललेल्या कातडीवर व्हिनेगर किंवा लिंबू लावायची कल्पना ज्याची असेल त्याने आधी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लावून बघावं. तोवर करण्यासारखं एवढंच: लाल भागावर थंड पाण्याचा ओला कपडा दहा मिनिटं, फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन कोरडे करणं, आणि ओरबाडत असेल तर गळ्यात कोन. कोन घातल्यावर ती दाराला धडकेल, केविलवाणं बघेल. दोन दिवसांत सवय होते.

वाट बघायची नाही अशा तीन वेळा. चेहरा किंवा पापण्या अचानक सुजल्या, अंगभर गांधी उठल्या, सोबत उलटी किंवा धाप असेल, तर त्याच तासाला दवाखाना. काही तासांत ओला, चिकट, दुखरा चट्टा पसरत असेल, लॅब्रडॉरच्या गालावर आणि मांडीवर असे फार होतात, तर त्याच दिवशी. तिथले केस कापून जागा उघडी आणि कोरडी करायला लागते. आणि खाजेबरोबर ताप, मरगळ, खाणं सोडणं असेल तरीही त्याच दिवशी.

आता मुलगी. घामाने असेलही. पण तिला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा घरात खाजणारी कुत्री आहे हे आपणहून सांगा, नाहीतर ते विचारतीलच असं नाही. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर आपला संसार थाटू शकत नाही, त्यामुळे कुत्रीवर उपचार झाले की ते ठिपके सहसा काही आठवड्यांत आपोआप विरतात. तोवर दोघींना एका अंथरुणात झोपू देऊ नका. घरात आणखी कुणाला खाज आहे का, विशेषतः पोटावर आणि हाताच्या आतल्या बाजूला, हेही विचारून ठेवा. आणि ती कानाची कड घासल्यावर कुत्रीचा मागचा पाय हलला का, तेवढं आजच बघून मला कळवा.